कुंभार आणि पाठराखीण

दर वर्षी पाच सप्टेंबरला आमच्या शाळेत एखादी मुलगी उभी राहते, हात मागे बांधते आणि पाठ केलेल्या भाषणात सांगते की आम्ही मातीचे गोळे आणि आमचे गुरुजन कुंभार. मग टाळ्या होतात. गेली वीस-बावीस वर्षे मी हे वाक्य ऐकत आलो आहे आणि, खोटे कशाला बोलू, पुष्कळ वर्षे ते मला गोडही वाटत असे. ज्याचा पगार बेताचा आणि घरातही ज्याचा शब्द फारसा चालत नाही, अशा मास्तराला वर्षातून एक दिवस कोणी ब्रह्मदेवाच्या पंगतीला नेऊन बसवले, तर तो उठून कशाला जाईल?

अलीकडे मात्र ते वाक्य आले की मी मान खाली घालतो. त्याला कारण एक मुलगा आहे.

मी चित्रकला शिकवतो. वीस वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात हा मुलगा होता. डावखुरा. त्याच्या चित्रातले डोंगर इतरांसारखे त्रिकोणी नसत आणि त्यांच्यामधून सूर्यही उगवत नसे. शेत काढायला सांगितले की हा कागदभर नांगरलेली ढेकळेच काढी, आणि बैलजोडी कागदाच्या अगदी कडेला, तीही निम्मी कापलेली. मी म्हणे, "अरे, बैल मधे घे. ढेकळे कोण बघणार?" तो बैल मधे घेई आणि पुढच्या खेपेस पुन्हा कडेला नेऊन ठेवी. पुढे तालुक्याची स्पर्धा आली. मी रोज शाळा सुटल्यावर त्याला बसवून घेतले, त्याचा हात माझ्या हातात धरला, तोही उजवा, आणि महिनाभर गिरवून घेतले. त्याला पहिले बक्षीस मिळाले. मुख्याध्यापकांनी माझे नाव घेऊन कौतुक केले आणि ते बरोबरच होते, कारण चित्र माझे होते. हात तेवढा त्याचा. नववीपासून त्याने चित्रकलेची वही आणणे सोडले. मी विचारले तर म्हणाला, "मला येत नाही, सर." त्या म्हणण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. त्याला तसे खरोखरच वाटत होते.

आपल्या भाषेत दोन म्हणी एकाच घरात नांदतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे एक म्हणते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे दुसरी. आम्ही शिक्षक लोक दोघींनाही सोयीने राबवतो. पोरगा नापास झाला की पहिली, बिघडला की दुसरी, आणि पहिला आला की दोघींना आत पाठवून आम्ही कुंभार होतो. पण खरे काय? माणसाचा आकार त्याच्या आतच लिहिलेला असतो, की बाहेरचा कोणी त्याला तो देतो? मी तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतही या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. ज्या पात्राला मी माझ्या मनाप्रमाणे वाकवायला गेलो, ते त्याच प्रकरणात मेले.

हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात मला भलत्याच ठिकाणी भेटला. माझी मुलगी पुण्याला बी.एस्सी. करते. मेच्या सुट्टीत ती आली, तेव्हा तिचे जीवरसायनशास्त्राचे जाडजूड पुस्तक पडवीत पडलेले असे. दहावीनंतर माझा शास्त्राशी संबंध उरलेला नाही. मी चाळले ते चित्रांसाठी. आणि चित्रे काय होती! रंगीत फितींचे गुंतवळे, कुठे फीत जिन्यासारखी वळत वर गेलेली, कुठे शेजारी शेजारी बाणांसारख्या पट्ट्या मांडलेल्या. मी म्हटले, "हे कुणाचे नक्षीकाम?" ती म्हणाली, "बाबा, हे प्रथिन आहे."

प्रथिन म्हणजे डाळीत आणि दुधात असते ते, एवढेच मला ठाऊक. तिने सांगितले ते असे. प्रथिन म्हणजे एक साखळी. तिचे मणी वीस तऱ्हेचे, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. कोणत्या प्रथिनात कोणता मणी कितव्या जागी, हे ठरलेले असते. पण नुसती ओवलेली साखळी बहुधा काही कामाची नसते. ती आपल्या अंगाने दुमडते, वळते, आपल्या विशिष्ट आकारात बसते, आणि मग कोणी रक्तात प्राणवायू वाहते, कोणी अन्न पचवते, कोणी रोगाशी झुंजते. दुमडते कशाने? काही मणी पाण्याला रुचणारे असतात, काही तेलकट. नरकचतुर्दशीला अभ्यंग झाल्यावर अंगावर ओतलेले पाणी कसे थेंबाथेंबांनी पळते, ते आठवावे. तेलाचे आणि पाण्याचे जमत नाही. शरीरात तर चहूकडे पाणी. तेव्हा साखळीतले तेलकट मणी पाणी टाळून आतल्या अंगाला दडतात आणि साखळी गोळा होते.

मात्र ती कशीही गोळा होत नाही. १९४८ साली लायनस पॉलिंग हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणावर पडून होता. वाचून वाचून कंटाळला, तेव्हा त्याने कागदावर अशी साखळी रेखाटली आणि कागद दुमडून ती कशी वळेल ते पाहू लागला. त्यातून मळसूत्रासारखे वळण निघाले. १९५१ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले आणि दुसरेही एक वळण सांगितले : पट्ट्या शेजारी शेजारी येऊन झालेली चुणीदार घडी. शास्त्रज्ञ त्यांना अल्फा आणि बीटा म्हणतात. आमच्या घरात मळसूत्र आणि निऱ्या असे नामकरण झाले. लोकर आणि केस यांचे प्रथिन मळसूत्राचे, म्हणून लोकरीचा धागा ओढला तर ताणतो. रेशमाचे प्रथिन निऱ्यांचे; त्यातली साखळी आधीच ताठ पसरलेली, म्हणून रेशीम बळकट असते पण ताणत नाही. पैठणीच्या पदरावर विणकर मोर काढतो तेव्हा ज्या धाग्याने काढतो, त्या धाग्याच्या पोटात किड्याने आधीच निऱ्या घालून ठेवलेल्या असतात.

मला सर्वांत आवडली ती मद्रासची हकीकत. १९६३ साली तिथल्या विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन या सहकाऱ्यांसह एक साधाच हिशेब मांडला. साखळीच्या प्रत्येक दुव्याला दोन ठिकाणी फिरता येते. फिरण्याचे सगळे कोन एका चौकोनी नकाशावर मांडले तर त्यांतले किती शक्य आहेत? असे दिसले की बहुतेक नकाशा बंद आहे. फिरायला गेले तर अणू अणूवर आपटतो. मोकळी राहिली ती थोडीशी बेटे; त्यांतल्या एकावर मळसूत्र बसते, दुसऱ्यावर निऱ्या. म्हणजे ही मनाई कोणी वरून केलेली नाही. शेजाऱ्याला धक्का न लावता जेवढे वळता येते तेवढेच वळायचे, आणि त्या मर्यादेतूनच घाट निघतो. मी ठिपक्यांची रांगोळी शिकवतो. तिथेही दुसरे काय असते?

रांगोळीत कासव, स्वस्तिक, गोपद्मे ही ठरलेली. पण त्यांच्या जुळणीतून दर अंगणात नवी रांगोळी निघते. प्रथिनांतही निऱ्या-मळसूत्र-निऱ्या अशी काही ठरलेली जोडकामे पुन्हा पुन्हा भेटतात. पुस्तकात त्यांना मोटिफ म्हटले आहे. आमच्या समीक्षकांचा लाडका शब्द वापरायचा तर आकृतिबंध. एका आकृतिबंधाचे नाव ग्रीक की, म्हणजे ग्रीक किल्ली, असे आहे, कारण प्राचीन ग्रीकांच्या रांजणांवर कडेने फिरणारी वळणावळणाची पट्टी असते, तशीच ती पट्टी प्रथिनात वळते. पाहा, कुंभार इथेही आलाच, पण नक्षीपुरता.

त्या फितींच्या चित्रांची रीत जिने रूढ केली, त्या जेन रिचर्डसन या बाईंविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय माझ्यातला चित्रकला शिक्षक पुढे जाणार नाही. शिक्षण तत्त्वज्ञानाचे. शाळेत शिकवून पाहिले, ते जमेना. मग प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागल्या. डॉक्टरेट त्यांनी कधी घेतली नाही. आणि १९८१ साली तोवर उलगडलेल्या प्रथिनांचा एक मोठा आढावा त्यांनी लिहिला, त्यातल्या फिती स्वतःच्या हाताने काढून. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत प्रथिन दिसते ते या बाईंच्या नजरेने. ज्याला शाळा जमली नाही त्याचे काही खरे नाही, असे आम्ही सहज म्हणून जातो. तेव्हा ही बाई आठवावी.

आकृतिबंधांहून मोठा घटक म्हणजे डोमेन. एका वाड्यात चार चुली असाव्यात, तसे एका साखळीत स्वतंत्रपणे दुमडणारे, आपापले बस्तान मांडणारे भाग असतात, त्यांना हे नाव. आपल्या रक्तात रोगाशी झुंजणाऱ्या नेहमीच्या प्रतिपिंडाच्या रेणूत असे बारा खण असतात, आणि त्याच घाटाचे खण आपल्या स्नायूंतल्या एका राक्षसी लांबीच्या प्रथिनातही ओळीने बसलेले असतात. शिपायाच्या घरातली आणि हमालाच्या घरातली चूल एकाच घडणीची! मग या सगळ्या पसाऱ्याचे वर्ग पाडलेले आहेत : तंतूंची, गोळ्यांची, पेशीच्या पडद्यात बसणारी, किंवा नुसती मळसूत्रांची, नुसत्या निऱ्यांची, दोन्ही एकाआड एक, दोन्ही वेगवेगळी. वर्गवारीत मला रस कमी. वर्षभर हजेरीपट भरणाऱ्याला घरी आणखी हजेरीपट नको असतो.

माझा प्रश्न निराळा होता. "हा आकार त्याला देतो कोण?" मी मुलीला विचारले.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि तिने मला ॲन्फिन्सेनचा प्रयोग सांगितला.

ख्रिश्चन ॲन्फिन्सेन अमेरिकेत बेथेस्डा येथे काम करीत असत. त्यांनी गाईच्या स्वादुपिंडातले एक प्रथिन घेतले. १२४ मण्यांचे. त्यातल्या आठ मण्यांच्या जोड्या जमून चार गाठी बसलेल्या असतात आणि त्यांनी घडी पक्की होते. ॲन्फिन्सेन यांनी युरिया घालून घडी मोडली, दुसरे एक रसायन घालून गाठी सोडल्या. प्रथिनाचा नुसता दोरा झाला. काम बंद पडले. मग दोन्ही रसायने हळूहळू काढून घेतली. कोणी शिकवले नाही, साचा दिला नाही, हात धरला नाही. दोरा आपण होऊन दुमडला, त्याच चार गाठी पुन्हा बसल्या आणि काम पूर्ववत सुरू झाले. १९६१ च्या सुमाराची ही गोष्ट. १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आकार मण्यांच्या क्रमातच लिहिलेला असतो, असा त्याचा अर्थ. जित्याची खोड जिंकली, असे मला वाटले.

पण त्याच प्रयोगाचा एक पुढचा भाग आहे आणि तो ऐकताना मी जागचा उठून बसलो. युरिया तसाच ठेवून, म्हणजे साखळीला मोकळेपणाने वळू न देता, गाठी बसू दिल्या तर काय होईल? आठ मण्यांच्या चार जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. त्यांतला एकच प्रकार खरा. अशा स्थितीत गाठी पडतात, पण भलत्याच. प्रथिन दिसायला बांधलेले, कामाला जवळजवळ शून्य. मला तो स्पर्धेतला महिना आठवला. गाठी मी पक्क्या बांधल्या होत्या. बक्षीससुद्धा मिळाले होते.

त्यापुढची गोष्ट अशी की, युरिया काढून टाकला आणि गाठी सोडणाऱ्या रसायनाचा नुसता किंचित अंश ठेवला, तर त्या चुकीच्या गाठी सुटत, पुन्हा बसत, पुन्हा सुटत जातात, आणि काही तासांनी प्रथिन आपल्या मूळ आकाराला येते. त्या 'काही तासां'चे आमच्या हिशेबात किती होतात, ते मला सांगता येणार नाही.

"म्हणजे शिक्षकाची गरजच नाही," मी म्हटले. मुलीने डोळे मिटून मान हलवली. मी उतावीळपणे काही बोललो की तिची आई असेच करते. "बाबा, अंडं उकडल्यावर गार झालं म्हणून परत पातळ होतं का?"

अंड्याचा पांढरा बलक प्रथिनांचाच. उष्णतेने घड्या मोडतात. पण दाटी इतकी की प्रत्येकाची उघडी पडलेली तेलकट अंगे शेजाऱ्याच्या उघड्या अंगाला चिकटतात आणि सगळ्यांचा एकच घट्ट गठ्ठा होतो. ॲन्फिन्सेन यांच्या नळीत प्रथिन विरळ होते. एकमेकांना धक्का लागत नव्हता. जिवंत पेशीचे आतले जग मात्र जत्रेसारखे गर्दीचे. तिथे नवी साखळी अर्धवट दुमडलेली असताना कोणाला तरी चिकटून कायमची वाया जाण्याची भीती असते. म्हणून पेशीत काही प्रथिने दुसऱ्या प्रथिनांची सोबत करतात. त्यांना इंग्रजीत शॅपरोन म्हणतात. १९७८ साली रॉन लास्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रात हा शब्द आणला. विलायतेत पूर्वी तरुण मुलीबरोबर समारंभाला एखादी पोक्त बाई सोबतीला जात असे, तिचे हे नाव. आपल्याकडे शब्द त्याहून नेमका आहे : पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी. ती नवरीच्या वतीने संसार करीत नाही. परक्या घरात पहिले चार दिवस तिला एकटे पडू देत नाही, एवढेच.

जिवाणूंच्या पेशीतली एक पाठराखीण पोकळ पिंपासारखी असते. सात-सात घटकांची दोन कडी एकावर एक, आणि वर झाकण. असल्या पिंपांचे काम १९८९ पासून उल्रिख हार्टल आणि आर्थर हॉरविच यांनी उलगडत नेले. गोंधळलेली साखळी आत येते, झाकण बसते. आत एकांत असतो. चिकटायला कोणी नसते. सुमारे दहा सेकंद. मग झाकण उघडते. आकार जमला असेल तर साखळी आपल्या कामाला जाते, नसेल तर पुन्हा आत. कसे वळावे ते पिंप सांगत नाही; त्याला ते ठाऊकही नसते. शेकडो निरनिराळ्या आकारांच्या साखळ्या त्याच एका पिंपातून आपापल्या आकाराने बाहेर पडतात.

कुंभाराला आपल्या मडक्याचा आकार आधी ठाऊक असतो. या पिंपाला नसतो, आणि तरी त्याच्यावाचून चालत नाही! इथे मी पुस्तक मिटले आणि अंगणात जाऊन उगीच झाडांना पाणी घालीत बसलो.

दुसऱ्या म्हणीचे काय, असे कोणी विचारील. तीही खोटी नाही. १९८६ साली इंग्लंडात गाईंना वेड लागण्याचा एक रोग ओळखला गेला. गुरांच्या खाद्यात गुरांचीच हाडे-मांस दळून घातले जाई, त्यातून तो पसरला होता. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी अशा रोगांच्या कारणाला १९८२ सालीच प्रिऑन हे नाव दिले होते; १९९७ साली त्यांना नोबेल मिळाले. मेंदूतल्या एका साध्या प्रथिनाला वेडावाकडा आकार येतो, आणि ते शेजारच्या धडधाकट प्रथिनाला भिडले की त्यालाही आपल्यासारखे करते. मण्यांचा क्रम दोघांचा अगदी तोच. वाण नाही, गुण लागला, तोही ढवळ्या-पवळ्यालाच! सुदैवाने असे वेड पसरवणारी प्रथिने फार थोडी.

आणि मण्यांच्या क्रमातच चूक असेल तर सोबत तरी काय करणार? आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलने पिडलेली मुले आहेत. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतल्या १४६ मण्यांपैकी सहावा मणी बदललेला. व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये हा एका मण्याचा फरक दाखवला. पाण्याला रुचणाऱ्या मण्याच्या जागी तेलकट मणी आला, की प्राणवायू सोडल्यावर रेणू रेणूला चिकटतो, तांबड्या पेशीचा विळा होतो आणि पोर वेदनेने कळवळते. अशा मुलाला खेळाच्या तासाला 'आळशी' म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तिथे ना कुंभार कामाचा ना पाठराखीण. तिथे डॉक्टर हवा, आणि आपली जीभ आवरायला हवी.

२०२० साली एका यंत्राने मण्यांच्या नुसत्या क्रमावरून आकार सांगण्यात तज्ज्ञांना थक्क केले आणि २०२४ च्या नोबेलमध्ये त्या कामाला वाटा मिळाला. उद्या शाळेत मुलांच्या कुंडल्याही यंत्रावर काढू लागतील, ही भीती मला आहेच. पण माझी मुलगी म्हणते की काही साखळ्यांपुढे यंत्रही चाचपडते, कारण त्यांना ठरलेला आकारच नसतो. योग्य सोबती भेटला की त्या वेळेपुरता त्या आकार घेतात. हे ऐकून मला का कोण जाणे, बरे वाटले. माणूस काही प्रथिन नव्हे. त्याच्या मण्यांची यादी कोणापाशी नाही. तरीसुद्धा मला आता असे वाटते की, मुलाला आकार देण्याची हौस असलेला माणूस आधी हे विसरतो की, समोर माती नाही. आपल्या हाती आहे ती जागा. थोडा एकांत, चिकटणाऱ्या गर्दीला घातलेले झाकण, आणि वेळ झाली की दार उघडणे. हे काम कमी प्रतीचे नाही. मात्र त्यावर कोणी भाषण करणार नाही आणि त्याला टाळ्याही पडणार नाहीत.

या जूनमध्ये तो मुलगा शाळेत आला. आता तो ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतो; हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. मुलीला पाचवीत घालायचे होते. अर्ज भरून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि हसत म्हणाला, "सर, एक सांगू का? पोरगी डावरी आहे. तिचा हात तेवढा धरू नका." मीही हसलो. तो गेल्यावर बराच वेळ मला दुसरा अर्ज हाती घेववला नाही.

सुट्टी लागण्याच्या आधीच्या तासाला मी वर्गाला दिवाळीचे चित्र काढायला सांगितले. सगळ्यांचे आकाशकंदील कागदाच्या मधोमध टांगलेले होते. हिने कागदभर अंधार काढला होता, पेन्सिल घासून घासून, आणि कंदील वरच्या कोपऱ्यात, निम्मा कागदाबाहेर गेलेला. मी तिच्या बाकापाशी उभा राहिलो. तिने वर पाहिले. पेन्सिलीचे टोक झिजून गेले होते. मी ते काढून दिले आणि पुढच्या बाकाकडे गेलो.